लग्न मुलाचे, दात आईचे

रावेर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. वय ४९. घरची केळीची बाग आहे, मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि त्याचे लग्न यंदा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, ठरले आहे, म्हणजे हातात अजून साधारण पाच महिने आहेत. सासरी आल्यापासून, गेली सत्तावीस वर्षे, त्या मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावतात. दात तपकिरी-काळपट झाले आहेत. वरचा पटाशीचा एक दात हापशाचा दांडा लागल्यापासून करडा पडला आहे. उजवीकडच्या वरच्या दोन दाढा सहा वर्षांपूर्वी काढल्या, त्या जागी काहीच बसवलेले नाही. खालचे पुढचे दात थोडे हलतात आणि पूर्वीपेक्षा लांब दिसतात. साखरपुड्याच्या एकाही फोटोत त्यांचे तोंड दिसत नाही, सगळीकडे पदर आहे. हे पाहून मुलगा त्यांना शहरातील एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथे वरच्या दहा दातांना कॅप बसवण्याचा, दोन भेटींत संपणारा आणि हप्त्यांनी फेडता येणारा उपचार सुचवण्यात आला. पती म्हणतात, ‘नातवंडे खेळवायच्या वयात हे सोंग कशाला?’ नणंद म्हणते, दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात. या वयात हे करावे का आणि करायचे तर नेमके काय करावे, असे त्या विचारतात. पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत : थोडी साखर आहे, गोळी चालू आहे, आणि हल्ली शेवभाजीचा रस्सा तोंडाला झोंबतो, म्हणून त्या स्वतःपुरती फिकी भाजी वेगळी काढून ठेवतात.

ताई,

तुमच्या पत्राचे उत्तर मी शेवटापासून सुरू करते, कारण सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही तिथे, जाता जाता लिहिले आहे. जन्मभर ठेचा आणि शेवभाजी खाल्लेल्या खान्देशातील बाईला रस्सा झोंबू लागतो आणि ती कोणाला न सांगता आपली भाजी वेगळी काढते, ही गोष्ट माझ्या लेखी दातांच्या रंगापेक्षा मोठी आहे. सत्तावीस वर्षे तंबाखू लागत असलेल्या तोंडात तिखट झोंबू लागले, तर गालाची आतली बाजू, हिरड्या, ओठांच्या आतला भाग आणि जिभेच्या कडा दंतवैद्याने भरपूर उजेडात नीट पाहिल्याच पाहिजेत. तिथे पांढरा किंवा लाल चट्टा, खरखरीतपणा, गाठ किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरलेली जखम आढळली, तर तिथला लहानसा तुकडा काढून तपासणीला पाठवावा लागतो. तुम्ही घरीही एक गोष्ट करून पाहू शकता. आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जातात का, ते पाहा. जात नसतील तर तोंड उघडणे कमी झाले आहे, हे दंतवैद्याला पहिल्याच भेटीत सांगा.

हे वाचून रात्रभर जागे राहू नका. तिखट झोंबण्यामागे रक्तातील लोहाची किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, साखर असलेल्या माणसाच्या तोंडात होणारा बुरशीचा संसर्गही असू शकतो, आणि या दोन्हींवर साधा इलाज आहे. पांढरे चट्टेही सर्वच घातक निघतात असे नाही. परंतु कारण कोणतेही असले तरी ते कळल्याशिवाय त्याच तोंडात दहा कॅप बसवणे मला मान्य नाही. त्या दवाखान्यात तुमचे गाल आतून कोणी पाहिले का, हे तुम्ही लिहिलेले नाही. पाहिले नसतील, तर तेवढ्यावरूनच दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे असे मी म्हणेन. तिशीच्या पुढील सर्वांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांवर मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी विनामूल्य होते. गावातील आशाताईंना विचारले तर दिवस कळेल.

आता मिश्रीविषयी. तुम्ही तिला ‘दात घासणे’ म्हणता आणि आपल्याकडील हजारो बायका तेच म्हणतात. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून आपण हिरड्यांवर चोळतो, तेव्हा तिने दात स्वच्छ होत नाहीत. तोंडाच्या नाजूक त्वचेतून निकोटीन रक्तात जाते आणि म्हणूनच सकाळी ती लावल्याशिवाय चैन पडत नाही. ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असे जे सांगितले जाते, तीही याच सवयीची खूण आहे. दंतमंजन आणि टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर मात्र कोणताच कायदा पोहोचत नाही. तुमच्या दातांवरील काळपटपणा प्रामुख्याने याच भुकटीचा आहे, आणि जिथे ती रोज चोळली जाते तिथल्या हिरड्या खाली सरकतात, हे तुमच्या खालच्या ‘लांब झालेल्या’ दातांचे एक कारण असण्याची दाट शक्यता आहे. दात लांब झालेले नसतात, त्यांची झाकलेली मुळे उघडी पडलेली असतात.

मिश्री सुटणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. पहिले दोन-तीन आठवडे डोके दुखेल, चिडचिड होईल, पोटाची तक्रार राहील. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात कोंड्यासह भाकरी आणि पालेभाजी, शिवाय मिश्रीच्या नेहमीच्या वेळी तोंडात बडीशेप किंवा लवंग, इतके केले तर ते दिवस निघतात. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक विनामूल्य आहे. सवय फार जुनी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचे च्युइंगगम काही काळ वापरता येते. मिश्रीऐवजी राखुंडी, कोळशाची पूड किंवा लिंबू-मीठ यांच्याकडे मात्र वळू नका. राखुंडी आणि कोळसा दातांचे वरचे कवच घासून काढतात आणि लिंबाचे आम्ल ते विरघळवते. चार दिवस दात पांढरे वाटतात आणि नंतर आतला पिवळा थर अधिकच दिसू लागतो. मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली साधी टूथपेस्ट पुरेशी आहे.

आता नणंदेच्या म्हणण्याकडे येते. त्यांनी जे पाहिले ते खोटे नाही, त्याचा अर्थ मात्र उलटा लावला आहे. तुमच्या घरी केळीची बाग आहे, म्हणून असे सांगते : खोडाच्या बुंध्याची माती पाण्याने वाहून गेली आहे, पण भोवती गवत आणि पाचोळा साचल्यामुळे झाड उभे दिसते आहे. तुम्ही तो पाचोळा काढलात आणि झाड कलले, तर दोष पाचोळा काढणाऱ्याचा म्हणता येईल का? दातांभोवती वर्षानुवर्षे दगडासारखे साठलेले कीटण हिरडीला सतत सुजवत ठेवते, त्या सुजेने दाताला धरणारे हाड झिजते आणि मग तेच कीटण सैल झालेल्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवते. ते निघाल्यावर दात हलताना जाणवतात, सूज उतरल्यामुळे मधल्या फटी दिसू लागतात आणि काही दिवस थंड पाणीही झोंबते. हे सारे दंतवैद्याने आधीच सांगायला हवे. बहुतेक वेळा सांगितले जात नाही आणि म्हणून नणंदांची समजूत पिढ्यानपिढ्या टिकते. तुमच्या बाबतीत ही स्वच्छता एका बैठकीत उरकण्यासारखी नसेल. हिरडीच्या खाली मुळांवर बसलेला थरही काढावा लागेल आणि त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी हिरड्या किती सावरल्या, ते पुन्हा मोजावे लागेल. जे दात हलतात त्यांच्यापैकी काही या काळात आपोआप घट्ट होतात. जे होत नाहीत त्यांना आतल्या बाजूने बारीक तार किंवा तंतूची पट्टी आणि दाताच्या रंगाचा, दात भरायला वापरतात तो मसाला लावून शेजारच्या दातांशी बांधता येते. केळीला टेकू देतो तसेच हे आहे, आणि समोरून ते दिसत नाही.

इथेच तुमची साखर मध्ये येते. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात राहणे कठीण जाते. म्हणून फक्त उपाशीपोटीची साखर न पाहता मागील तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करून घ्या आणि तिचा कागद दंतवैद्याला दाखवा.

हे झाल्यावर दिसण्याचा प्रश्न घेऊ. तो मी कमी महत्त्वाचा मानत नाही. तुमच्या पतींच्या ‘सोंग’ या शब्दाचे मला थोडे वाईट वाटले. ते रागाने बोलले असतील असे नाही. आपल्याकडे बाईने पन्नाशीच्या आसपास आरशाशी फारकत घ्यावी अशी एक न बोललेली अपेक्षा असते आणि ते तीच बोलून मोकळे झाले. गंमत अशी की त्याच वयाच्या पुरुषाने डोईला मेंदी लावली तर त्याला कोणी सोंग म्हणत नाही. पण त्यांना पटवायचे असेल तर सौंदर्याचा वाद घालू नका. उजवीकडच्या दाढा गेल्यापासून तुम्ही एकाच बाजूने चावता, हरभरा आणि हुरडा टाळता, भाकरी दुधात मोडून खाता, असे काही घडत आहे का, ते त्यांना दाखवा. साखर असलेल्या माणसाने चावता येत नाही म्हणून मऊ भात आणि बिस्किटांवर दिवस काढणे हे त्यांनाही पटणार नाही.

मुलाचे प्रेम पत्रातून दिसते, पण त्याच्याही एका गृहीताकडे मी बोट दाखवीन. त्याने साखरपुड्याचे फोटो पाहिले आणि त्यावरून ‘आईचे दात खराब आहेत’ असा एकच प्रश्न तयार केला. दवाखान्याने त्या एका प्रश्नाला एकच उत्तर दिले. वास्तविक तुमच्या तोंडात चार वेगळ्या तक्रारी आहेत : डाग, एक करडा पडलेला दात, दोन रिकाम्या जागा आणि हिरड्यांचा आजार. चौघींची औषधे वेगळी आहेत. दहा कॅप या चौघींपैकी पहिली झाकतात, दुसरी कदाचित सोडवतात, तिसरीला हातही लावत नाहीत आणि चौथी बिघडवू शकतात.

कॅप बसवायची म्हणजे दात चहूबाजूंनी आणि वरून साधारण एक ते दीड मिलिमीटर, काही प्रकारांत त्याहून अधिक, घासून लहान करावा लागतो. घासलेला भाग पुन्हा येत नाही. किडलेला, तुटलेला किंवा रूट कॅनल (आतली नस काढून ती पोकळी भरणे) झालेला दात वाचवण्यासाठी हे करणे योग्यच आहे आणि कॅपने लाखो दात वाचलेले आहेत. पण केवळ डाग असलेला धडधाकट दात घासला तर त्यातील काही दातांच्या नसा पुढे मरतात आणि मग कॅपला भोक पाडून रूट कॅनल करावे लागते. शिवाय चांगली कॅपदेखील बहुधा दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते, म्हणजे साठीनंतर हा सगळा खर्च आणि त्रास पुन्हा समोर येईल, तोही तेव्हा उरलेल्या दातावर. हिरड्या सुजलेल्या असताना कॅपची कड हिरडीशी जुळवली आणि नंतर सूज उतरून हिरडी वर सरकली, तर दात आणि कॅप यांच्यामधली रेघ उघडी पडते. आत धातू असेल तर ती काळी दिसते. दोन भेटींत सर्व आटोपण्याच्या घाईचा हा हिशेब आहे.

म्हणून मी सोपा क्रम सुचवते. जो उपचार उलटवता येतो तो आधी करावा, आणि ज्यात दात घासला जातो तो सर्वांत शेवटी, तेव्हाही गरज उरली असेल तरच करावा.

मिश्रीचे डाग दाताच्या बाहेरून बसलेले असतात. स्वच्छता आणि पॉलिश झाल्यावर त्यांतले बरेचसे निघून जातात. अनेक बायका या टप्प्यावरच आरशात पाहून थबकतात आणि पुढचे काही नको म्हणतात. त्यानंतरही दात फार पिवळे वाटले तर ब्लीचिंग करता येते. यात पेरॉक्साइडचे औषध दवाखान्यात लावले जाते, किंवा आपल्या दातांच्या मापाच्या पातळ साच्यात सौम्य औषध घालून तो साचा घरी दोन-तीन आठवडे रोज काही तास घालायचा असतो. दातांना काही दिवस शिणशिण होते. तुमची मुळे उघडी आहेत, त्यामुळे ती अधिक जाणवेल, आणि उघड्या मुळांचा रंग ब्लीचने फारसा बदलत नाही, हेही आधीच माहीत असू द्या. कॅपचा किंवा भरलेल्या मसाल्याचा रंगही ब्लीचने बदलत नाही. म्हणून ब्लीच करायचे असेल तर ते आधी करावे, दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि मग नव्या रंगाला जुळणारे बाकीचे काम करावे.

तो करडा दात वेगळा आहे. मार लागून त्याची नस मेली असावी. एक्स-रे काढल्यावर मुळाशी काही साचले आहे का ते कळेल. रूट कॅनल झाल्यावर त्याच दाताच्या आत औषध ठेवून त्याला आतून ब्लीच करता येते. दोन-चार भेटींत रंग बराच उजळतो, मात्र काही वर्षांनी तो थोडा उतरू शकतो. तसे झाले किंवा दात फारच तुटका असला, तर त्या एका दाताला कॅप घालणे रास्त आहे. एकाला, दहांना नव्हे.

झिजलेल्या कडा, लहान फटी आणि तुटलेले कोपरे यांना दाताच्या रंगाचा मसाला लावून आकार देता येतो. याला दात जवळजवळ घासावा लागत नाही, एका बैठकीत होते, खर्च कमी येतो आणि बिघडले तर दुरुस्त करता येते. त्याचे उणे असे की पाच-सात वर्षांत तो झिजतो, आणि चहा, हळद व विशेषतः मिश्री यांचे डाग धरतो. जाहिरातींत ज्याचे नाव तुम्ही ऐकले असेल त्या व्हेनियरमध्ये दाताच्या फक्त समोरच्या बाजूने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास कवच घासून चिनी मातीची पातळ चकती चिकटवतात. ती फार सुंदर दिसते आणि योग्य दातांवर दीर्घकाळ टिकते, पण ती चांगल्या कवचावरच नीट चिकटते. हिरड्या सरकलेल्या, दात हलणाऱ्या तोंडात मी तिची शिफारस करणार नाही.

उजवीकडच्या दोन दाढांसाठी तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे काढता-घालता येणारे दात. प्लास्टिकचे स्वस्त आणि थोडे जाड असतात, धातूच्या सांगाड्याचे पातळ आणि मजबूत असतात. दुसरी म्हणजे ब्रिज, ज्याला लोक फिक्स दात म्हणतात. त्यासाठी पुढचा आणि मागचा असे दोन दात कॅपसारखे घासून त्यांच्या आधाराने मधले दात टांगले जातात. आधाराचे दात मुळात कॅप घालण्याजोगे असतील तर ब्रिज उत्तम, पण ते निरोगी असतील आणि त्यांच्या हिरड्या कमकुवत असतील तर दोन गेलेल्या दातांसाठी आणखी दोन धोक्यात घालण्यासारखे होते. तिसरी वाट इम्प्लांटची. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात आणि हाड त्याला धरल्यावर त्यावर दात लावतात. ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाने १९६५ मध्ये माणसावर हा उपचार सुरू केला, आणि शेजारचे दात न घासता रिकामी जागा भरण्याचा तो आज सर्वांत चांगला मार्ग समजला जातो. परंतु हाडाने त्याला धरायला तीन ते सहा महिने लागतात. दात काढून सहा वर्षे झाल्याने तुमचे तिथले हाड खालावलेले असणार. वरच्या दाढांच्या डोक्यावर हाडातील पोकळी असते आणि ती खाली उतरली असेल तर आधी हाड भरावे लागते. साखर चढलेली असताना आणि तंबाखू चालू असताना इम्प्लांट न टिकण्याचा धोकाही वाढतो. म्हणून लग्नापुरते आणि पुढच्या वर्षापुरते काढता-घालता येणारे दात करून घ्यावेत, आणि मिश्री सुटून साखर ताब्यात आली की मग इम्प्लांटचा निवांत विचार करावा, असे मला वाटते. गेलेल्या दाढा हसताना फारशा दिसत नाहीत. त्या चावण्यासाठी हव्या आहेत, त्यामुळे आखाजीची मुदत त्यांना लागू नाही.

‘दुधासारखे पांढरे’ असा शब्द तुम्ही पत्रात वापरला आहे. पन्नाशीच्या आपल्या मातीतल्या चेहऱ्यावर खडूसारखे पांढरे दात लांबूनच ओळखू येतात, आणि विहीणबाईंना तुमच्याआधी तुमचे दात भेटतात. निरोगी दाताचा रंग दादर ज्वारीच्या ताज्या दाण्यासारखा असतो, किंचित पिवळसर छटा असलेला मोत्यासारखा. रंगाची पट्टी निवडताना खुर्चीवरच्या दिव्यात निवडू नका. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात निवडा आणि घरच्या एखाद्या बाईलाही सोबत न्या. कॅप कितीही थोड्या करायच्या ठरल्या तरी दात घासण्याआधी मेणाचा किंवा मसाल्याचा नमुना तोंडात लावून दाखवायला सांगा. हे नेहमीचे काम आहे, त्यासाठी संकोच करण्याचे कारण नाही.

पैशांविषयी आकडे मी देत नाही, कारण ते गावागणिक बदलतात. स्वच्छता आणि मसाला सर्वांत स्वस्त, त्यानंतर प्लास्टिकचे काढते-घालते दात, मग रूट कॅनल आणि कॅप, आणि व्हेनियर व इम्प्लांट सर्वांत महाग, असा साधारण चढता क्रम असतो. हप्त्यांच्या सोयीमुळे महाग उपचार स्वस्त होत नाही. केळीचा भाव कधी कोसळेल हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे, तेव्हा लग्नाच्या वर्षात दातांचा हप्ता डोक्यावर घेऊ नका. वर सांगितलेल्या क्रमाने गेलात तर खर्च आपोआप टप्प्यांत विभागतो आणि प्रत्येक टप्प्यावर थांबण्याची मुभा तुमच्या हातात राहते. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे; अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, खर्च कमी येतो, पण खेटे जास्त पडतात आणि प्रत्येक काम सावकाश होते. रावेरहून भुसावळ किंवा जळगाव गाडीने जवळ पडते, तेव्हा वारंवार भेटी लागणारे हिरड्यांचे काम जवळ आणि महागडे काम महाविद्यालयात, असेही विभागून घेता येईल. दंतवैद्य राज्याच्या दंत परिषदेत नोंदणीकृत आहे ना, हे भिंतीवरील प्रमाणपत्रावर पाहा. आठवडे बाजारात पेटी घेऊन बसणारे आणि शेजारच्या दाताला तारेने बांधून पाच मिनिटांत ‘फिक्स’ दात लावणारे लोक अजूनही दिसतात. त्या दाताखाली अन्न कुजून शेजारचे दोन दातही जातात. १९४८ च्या कायद्यापासून नोंदणीशिवाय दंतवैद्यकी करणे गुन्हा आहे.

तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या तरुण मुलींसाठी इथे दोन शब्द लिहिते. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर साधारण आठ वर्षे वयापर्यंत, दात हाडात तयार होत असताना, त्यांवर खडूसारखे किंवा तपकिरी पट्टे पडतात. तो घासण्यातला आळस नसतो आणि पाहुण्यांसमोर त्याची शरम वाटण्याचे कारण नाही. बहुतेकींचे काम वरचा थर हलकेच घासून काढणे, ब्लीचिंग किंवा मसाला यांतच भागते. दात वेडेवाकडे असतील तर विशीत-तिशीतही तारा लावता येतात. वर्ष-दोन वर्षे लागतात, नंतर दात जागेवर राहावेत म्हणून रिटेनर घालावा लागतो, पण वाकडे दात घासून कॅपने सरळ ‘दाखवण्यापेक्षा’ हे कितीतरी चांगले. लग्नाची बैठक दोन महिन्यांवर आली आहे म्हणून सहा निरोगी दात घासून घेऊ नका.

ताई, तुमच्या पाच महिन्यांची मांडणी मी अशी करीन. या आठवड्यात तोंडाची तपासणी, साखरेची तपासणी आणि दातांचे एक्स-रे; झोंबण्याचे कारण कळेपर्यंत बाकी सारे थांबवावे. पहिल्या महिन्यात मिश्री बंद, हिरड्यांची स्वच्छता आणि करड्या दाताचे रूट कॅनल. मग सहा-आठ आठवडे काही न करता केवळ नीट घासायचे. हा काळ तुम्हाला वाया गेल्यासारखा वाटेल, पण हिरड्या याच काळात बसतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फेरतपासणी, हलणारे दात बांधणे, हवे असल्यास ब्लीच, त्यानंतर करड्या दाताचे आणि झिजलेल्या कडांचे काम. काढते-घालते दात लग्नाच्या किमान महिनाभर आधी मिळतील असे पाहा, कारण नवे दात आधी टोचतात, दोन-तीनदा घासून बसवून घ्यावे लागतात, आणि जिभेला त्यांची सवय होईपर्यंत काही अक्षरे घसरतात. पहिल्या आठवड्यात कळण्याची भाकरी कुस्करूनच खा.

पहिल्या भेटीला जाताना साखरेचे कागद, चालू गोळ्यांचे पाकीट आणि तुमची मिश्रीची डबी, तीनही वस्तू बरोबर न्या; ‘थोडीशी लावते’ म्हणण्यापेक्षा डबी बोलते. आणखी एक वस्तू सापडली तर पाहा : ज्यात तुमचे दात दिसतात असा एखादा जुना फोटो. पटाशीच्या दातांची मूळची लांबी, त्यांची गोलाई, मधली फट पहिल्यापासून होती की नंतर पडली, हे दंतवैद्याला त्यावरून ठरवता येते. आपल्या पिढीतील नवऱ्या लग्नाच्या फोटोत हसत नसत, हे मला माहीत आहे. तसा फोटो नसेलच, आणि मुलाचे दात तुमच्या वळणावर गेले असतील, तर दंतवैद्याला मुलाचा हसरा फोटो दाखवा.